कोळंबीच्या टरफलांचा लेप युरियाला द्यावा का?

रत्नागिरीजवळच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरची दीड एकर भातशेती आहे, थोडी हापूसची कलमं आहेत, आणि मिरकरवाड्याच्या बाजूला कोळंबी सोलून उरलेली टरफलं जवळपास फुकट मिळतात. त्या टरफलांतून कायटोसान (टरफलांपासून बनणारा नैसर्गिक पॉलिमर) काढून युरियाच्या दाण्यांवर लेप दिला, तर पावसात वाहून जाणारा युरिया थांबेल का? आणि हीच युक्ती कडुनिंबाच्या कीटकनाशकाला चालेल का?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ आहे आणि दुसऱ्याला ‘हो’. खतं आणि कीटकनाशकांची फॉर्म्युलेशनं बनवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. नैसर्गिक पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे नैसर्गिक पदार्थ, हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून ‘नाही’ का म्हणते ते नीट सांगायला हवं.

युरियाची अडचण त्याच्या स्वभावातच आहे. २० अंश तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात १०० ग्रॅमहून जास्त युरिया विरघळतो. रेणू अगदी लहान, आणि त्याच्यावर विद्युतभार नाही. कायटोसान, अल्जिनेट (समुद्री शेवाळातला पदार्थ), स्टार्च, गवार गम हे सगळे पाणी ओढून फुगणारे पदार्थ. फुगलेल्या साखळ्यांच्या जाळीतून युरियाचा रेणू बाहेर पडताना त्याला अडवायला काहीच नसतं, कारण जाळीची भोकं त्याच्या मानाने प्रचंड मोठी असतात. नुसत्या कायटोसानच्या पातळ लेपातून युरिया काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बाहेर येतो. आषाढातल्या कोकणाच्या पावसात एवढ्याने काहीच साधत नाही.

अल्जिनेटच्या मण्यांची गंमत तर मी स्वतः अनुभवली आहे. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात युरिया मिसळून ते थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडलं की सुरेख गोल मणी तयार होतात. कॅल्शियम दोन साखळ्यांच्या मध्ये बसतो आणि त्यांना घट्ट बांधतो. आमचे पहिले मणी दिसायला मोत्यांसारखे होते. नंतर तपासलं तेव्हा कळलं, की मणी घट्ट होत असतानाच निम्म्याहून जास्त युरिया त्या कॅल्शियमच्या पाण्यात उतरला होता. म्हणजे खत मण्यात कमी आणि बादलीत जास्त. त्या पाण्यातच आधी भरपूर युरिया विरघळवून ठेवला तर गळती कमी होते, पण मग शेतात मणी ओला झाल्यावर तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. पाण्याला अडवायचं असेल तर लेपात पाण्याला न मानणारं काहीतरी लागतं: मेण, तेल, लाख, किंवा लाकडातलं लिग्निन. किंवा बेंटोनाइटसारखी चिकणमाती, जिच्यामुळे रेणूला वळसे घेत जावं लागतं. कायटोसान या मिश्रणात बांधणीचं काम चांगलं करतो. एकट्याने भिंत होणं त्याला जमत नाही.

आता पैशांचा हिशेब. अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे किलोला सहा रुपयांच्या आत. लेप उपयोगी पडण्याइतका जाड हवा असेल तर वजनाच्या दहा टक्के धरा. एका गोणीला साडेचार किलो कायटोसान. बाजारात त्याचा भाव किलोला शेकडो रुपयांत असतो. पाचशे जरी धरला तरी सव्वादोन हजार रुपयांचं आवरण अडीचशे रुपयांच्या मालावर चढतं.

तुम्ही म्हणाल, टरफलं फुकट आहेत. तेही मोजू. ओल्या टरफलांत तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. उरलेल्या सुक्या भागातून आम्लाने चुना आणि अल्कलीने प्रथिनं काढली की कायटिन राहतं, आणि ते ४०-५० टक्के कॉस्टिक सोड्यात तापवल्यावर कायटोसान होतं. १०० किलो ओल्या टरफलांमागे हाती चार किलोच्या आसपास लागतं. भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरली, तर तुमच्या दीड एकराला तीन गोण्या युरिया लागतो. त्याच्या लेपासाठी साडेतेरा किलो कायटोसान, म्हणजे सव्वातीनशे किलोहून जास्त टरफलं, आणि त्यामागे आम्लाचं नि कॉस्टिकचं पाणी. ते पाणी कुठे सोडणार? घराच्या पडवीत तापलेलं कॉस्टिक हाताळू नका हे कळकळीने सांगते. डोळ्यात एक थेंब गेला तरी नजर जाऊ शकते.

मग युरियाचं काय करायचं? याचं उत्तर कोकणात आधीपासून आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भातलागवड तुमच्या वडिलांना नक्की माहीत असेल. तिच्यातलं एक सूत्र म्हणजे युरिया-डीएपीची (डायअमोनियम फॉस्फेटची) ब्रिकेट, म्हणजे दाबून बनवलेली गोळी. २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणी झाली की त्याच दिवशी खोचायची. हेक्टरी ६२,५००, म्हणजे गुंठ्याला साधारण सव्वासहाशे गोळ्या. तिथे पॉलिमर नाही, लेप नाही. गोळी मोठी असल्याने दाण्याच्या मानाने पृष्ठभाग कमी, आणि ती ज्या चिखलात बसते तिथे ऑक्सिजन नसतो. त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होत नाही, मातीचे कण ते धरून ठेवतात, अमोनिया हवेत उडत नाही आणि पावसाच्या वरच्या पाण्याबरोबर वाहतही नाही. पाणी भराभर मुरणाऱ्या वरकस जमिनीत याचा फायदा घटतो, पण चिखलणी केलेल्या खाचरात माझ्या मते भाताला नत्र देण्याची यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची पद्धत नाही. वाकून गोळ्या खोचायचे कष्ट आहेत, ते मी लपवत नाही.

इथे एक गैरसमजही दूर करते. २०१५ पासून देशात बनणारा सगळा युरिया निमलेपित असतो, म्हणून अनेकांना वाटतं की तो हळू विरघळतो. त्याच्यावर तेलाचं प्रमाण कमीत कमी ०.०३५ टक्के ठरवलेलं आहे. एवढ्याशा तेलाने दाणा पाण्यापासून वाचत नाही. ते अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही काळ आवरतं, एवढंच. २०२३ मध्ये आलेला ‘युरिया गोल्ड’ वेगळा: त्यावर गंधकाचं खरं आवरण आहे, ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक. अमेरिकेत टेनेसी व्हॅली अथॉरिटीने १९६० च्या दशकात विकसित केलेल्या तंत्राच्या जातकुळीतला तो आहे.

नैसर्गिक पॉलिमरकडे जगाचं लक्ष पुन्हा वळलं त्याला वेगळंच कारण आहे. सिंथेटिक रेझिनचे लेप उत्तम काम करतात, महिनोन् महिने पुरतात. पण खत संपलं तरी कवच जमिनीत राहतं. जपानमध्ये भातखाचरांतून वाहून आलेली ही रिकामी प्लास्टिकची कवचं समुद्रकिनाऱ्यांवर सापडतात, आणि तिथल्या खतउद्योगाने २०३० पर्यंत या प्रकारापासून सुटका करून घ्यायचं ठरवलं आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले, त्यांत खतांच्या लेपांना २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत आणि पीकसंरक्षणाच्या औषधांना २०३१ च्या ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. तोवर आवरण जमिनीत कुजणारं हवं. म्हणून तुमचा प्रश्न योग्य वेळी आला आहे. फक्त त्याला योग्य माल शोधायला हवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती. कायटोसान किंवा अल्जिनेटचा मणी प्रयोगशाळेत किती दिवस टिकला, यावरून तो शेतात किती टिकेल हे कळत नाही. चंचुपात्रात शुद्ध पाणी असतं. शेतात माती असते, आणि ती मण्याशी रासायनिक भाषेत बोलते. सुरुवातीच्या काळात आमचा एक मणी शुद्ध पाण्यात तीन आठवडे शाबूत राहिला आणि कुंडीतल्या मातीत आठवडाभरात त्याचा चिखल झाला. तेव्हापासून मी पाण्यातल्या आलेखावर भरवसा ठेवणं सोडलं.

कायटोसानच्या साखळीवर अमाइन गट असतात. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साडेसहाच्या खाली गेला की ते धनभारित होतात, एकमेकांना ढकलतात, मणी फुगतो आणि आम्लता पुरेशी असेल तर विरघळतोही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या आसपास, तिथे तोच मणी आकसून बसतो. म्हणजे एकाच पोत्यातला माल लातूरला मंद आणि लांज्याला वेगवान. आणि तुमच्या एकाच शेतात दोन तऱ्हा आहेत. कलमांखालच्या जांभ्या मातीचा सामू साडेपाच-सहाच्या घरात असणार आणि तो तसाच राहतो. खाचरातली आम्लधर्मी माती मात्र पाण्याखाली गेली की दोन-तीन आठवड्यांत साताकडे सरकते. पहिल्या पंधरवड्यात फुगणारा मणी नंतर आवळायला लागेल. नेमकं त्याच वेळी फुटवे येत असतात आणि रोपाला नत्र जास्त हवं असतं.

अल्जिनेटचं उलटं आहे. त्याला कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून चुनखडीच्या जमिनीत तो छान टिकतो. पण सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं, आणि फॉस्फेट तर कॅल्शियम ओढूनच नेतं. खार जमिनीत, जिथे भरतीचं पाणी शिरतं, किंवा डीएपीबरोबर मिसळून दिलेला अल्जिनेटचा मणी पाहता पाहता मऊ पडतो. स्टार्चचा प्रश्न आणखी सरळ आहे: तो जिवाणूंचं अन्न आहे. पावसाळ्यातल्या उबदार, ओल्या मातीत ते त्याला भराभर खातात. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात स्टार्चमध्ये तणनाशकं कोंडण्याचं मोठं काम केलं. ते वाचताना तिथल्या थंड मातीचा वेग आपल्या मातीला लावू नये. नैसर्गिक पॉलिमरमध्ये जिवाणू हे सुटकेच्या यंत्रणेचाच भाग असतात. ते धरूनच रचना करायची.

मग हे पॉलिमर कुठे वापरावेत? जिथे आतला माल महाग आहे, थोडा लागतो, पाण्यात सहज विरघळत नाही किंवा उन्हाने मरतो. युरिया यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही. अॅझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुनिंबातलं कीडनाशक द्रव्य, जवळपास सगळ्यांना उतरतं.

दुकानात तुम्ही ‘दहा हजार पीपीएम नीम’ म्हणून जे घेता, त्यातलं अॅझाडिरॅक्टिन पानावर उन्हात दोन-तीन दिवसांत निकामी होतं. अल्कधर्मी पाण्यात ते बाटलीतून काढल्याबरोबर मोडायला लागतं. त्याला आवडतो तो किंचित आम्ल सामू. कायटोसान विरघळतो तोही एक टक्का अॅसेटिक आम्लात, म्हणजे फिकट व्हिनेगरसारख्या द्रावणात, आणि ते द्रावण सामू पाचजवळ आणता येतं. दोघांची आवड एकच. शिवाय पानाच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो आणि कायटोसानच्या कणावर धनभार, त्यामुळे कण पानाला चिकटून बसतो आणि दवाने सहज धुपत नाही. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी पौष-माघात फवारता तेव्हा पहाटेचं दव किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पद्धत ढोबळमानाने अशी: कायटोसानच्या द्रावणात नीमचं तेलकट घटकद्रव्य खूप घोटून बारीक थेंबांत विखुरायचं, मग ढवळत ढवळत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचं विरळ द्रावण थेंबाथेंबाने घालायचं. फॉस्फेटचा ऋणभार कायटोसानच्या साखळ्यांना एकत्र बांधतो आणि थेंबांभोवती कवच बनतं. पटकन ओतलं तर दह्यासारख्या गुठळ्या होतात. कवचात थोडं लिग्निन घातलं तर ते अतिनील किरणं शोषतं आणि आतला माल वाचवतं. लिग्निन हा कागद कारखान्यांतला टाकाऊ पदार्थ, लाकडाला उन्हापासून सांभाळणारा. त्याचं काम आपण फक्त जागा बदलून घेतो. फवारणीच्या पाण्याचा सामू सहाच्या वर जाऊ देऊ नका. कोकणातलं जांभ्यातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, पण नाशिक-सोलापूरकडच्या बोअरच्या कठीण पाण्यात हेच मिश्रण साकळतं आणि नोझल तुंबतात.

मात्र कीटकनाशकाच्या बाबतीत ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हे गणित चुकीचं आहे, आणि यावर मी जरा अडून बसणार आहे. किडीला मारायला एक किमान मात्रा लागते. कवचातून औषध त्याहून कमी गतीने झिरपत राहिलं, तर कीड मरत नाही, फक्त थोडी थोडी औषधाला सरावते. प्रतिकारक्षमता तयार होण्याचा तो राजमार्ग आहे. म्हणून चांगल्या फॉर्म्युलेशनमध्ये काही भाग मोकळा ठेवतात, जो पहिल्या दिवशी काम करतो, आणि उरलेला कवचात. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ४.९ सीएस किंवा पेंडिमेथॅलिन ३८.७ सीएस तुम्ही पाहिली असतील. त्यातलं ‘सीएस’ म्हणजे सूक्ष्म कवचांतलं औषध. तीही आवरणं बहुधा सिंथेटिकच, आणि युरोपच्या त्या २०३१ च्या मुदतीत तीच येतात.

ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किंवा बीटी (कीड मारणारा जिवाणू) यांसारखे सजीव घटक कोंडायचे असतील तर कायटोसान टाळा. तो स्वतःच बुरशी आणि जिवाणूंना मारक आहे. तिथे अल्जिनेट किंवा स्टार्च घ्या, सोबत थोडा कोंडा त्यांना खायला. बुरशीच्या बाबतीत अल्जिनेटच्या गोळ्या १९८० च्या दशकापासून वापरात आहेत, आणि जिवाणूंनी स्टार्च खाणं हा इथे दोष उरत नाही.

जस्ताचं प्रकरणही मला फार आशादायक वाटतं. जस्ताचा आयन स्वतः अल्जिनेटच्या साखळ्या बांधतो, म्हणजे खतच कुलूपही होतं, आणि बांधणीच्या पाण्यात माल गळून जाण्याचा प्रश्न उरत नाही. एकरी मात्रा काही किलोंची, म्हणून लेपाचा खर्च सोसतो. चुनखडीच्या जमिनीत जस्त लगेच अडकून पडतं, तिथे याला खरा अर्थ आहे.

(पुसा हायड्रोजेलबद्दलही हल्ली विचारणा होते. तो सेल्युलोजवर आधारलेला आहे, वजनाच्या ३५० पट पाणी धरतो, हेक्टरी अडीच ते पाच किलो वापरतात. त्याचं काम पाणी धरण्याचं आहे. युरिया त्यात भिजवून टाकला तर तो पाण्याबरोबरच बाहेर येतो.)

एवढं वाचूनही युरियावर हात आजमावायचा असेल, तर मोजायला शिका. कायटोसान घरी न काढता अर्धा किलो विकत घ्या. ईसी मीटर युरियासाठी निरुपयोगी आहे, कारण युरियाच्या द्रावणाची वीजवाहकता वाढत नाही. तो मीटर पालाशसाठी ठेवा. द्राक्षबागायतदार साखर मोजायला वापरतात तो ब्रिक्समीटर मात्र उत्तम चालतो: १० टक्के युरियाच्या पाण्यालाही तो दहाच्या जवळचाच आकडा दाखवतो. लेप दिलेले १० ग्रॅम दाणे १०० मिलिलिटर पाण्यात ठेवून रोज आकडा लिहा. युरोपातली जुनी कसोटी अशी आहे: २५ अंशांना २४ तासांत १५ टक्क्यांहून जास्त आणि २८ दिवसांत ७५ टक्क्यांहून जास्त सुटता कामा नये. पहिल्याच सकाळी ब्रिक्स आठ दिसला तर तो लेप तिथेच सोडून द्या.

त्यानंतर माती. जुन्या मच्छरदाणीच्या जाळीच्या लहान पिशव्या शिवा, प्रत्येकीत मोजून पाच ग्रॅम लेपित खत भरा. निम्म्या खाचरात, निम्म्या कलमांच्या आळ्यात एक वीत खोल पुरा, खुणेला काठी रोवा. तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी दोन्हीकडच्या दोन-दोन पिशव्या काढा, हलकेच धुवा, सावलीत वाळवून वजन करा. वजनात लेपही येतो, म्हणून उरलेलं खत ठरलेल्या थोड्या पाण्यात कुटून विरघळवा आणि ब्रिक्स पाहा. नीमचा प्रयोग वेगळ्या पाच कलमांवर करा. शेजारच्या पाच कलमांवर साधं नीम फवारा आणि तुडतुडे मोजा: फवारणीआधी, तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी.

स्वतःच्या बागेपुरतं हे ठीक. विकायचा विचार असेल तर लेपित खताला १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो आणि नीमच्या मिश्रणाला १९६८ चा कीटकनाशक कायदा, मग आतला माल कितीही नैसर्गिक असो. जैवउत्तेजकं २०२१ पासून खत आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे नुसता कायटोसान पिकाची ताकद वाढवणारा म्हणून विकतानाही परवानगी लागते. पिशव्यांची वजनं झाली की दोन्ही जागांचा मातीचा सामू सोबत लिहून पाठवा. सामू नसेल तर त्या आकड्यांवरून मला काही सांगता येणार नाही.